ऐतिहासिक चरित्र किती भक्तिभावाने लिहिले आहे, हे कसे तपासावे: नाना फडणवीसांच्या उदाहरणासह

एखादे ऐतिहासिक चरित्र नायकाच्या आहारी जाऊन लिहिले आहे का, हे ठरवताना बहुतेक वाचक विशेषणे मोजतात. ‘थोर’, ‘अद्वितीय’, ‘लोकोत्तर’ असे शब्द दाटीने दिसले की ते पुस्तक बाजूला ठेवतात, आणि दिसले नाहीत की निर्धास्त होतात. या पद्धतीने दोन्ही बाजूंनी फसगत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिणाऱ्या कित्येक मराठी लेखकांची भाषाच गौरवाची आहे, तरीही त्यांच्यापैकी काहींनी नायकाला अडचणीचा ठरणारा पुरावा जसाच्या तसा छापला. उलट, अत्यंत संयत भाषेत लिहिलेल्या चरित्रातही गैरसोयीची पत्रे सोडून दिलेली असू शकतात आणि तो अभाव वाचकाच्या लक्षातही येत नाही. भक्तिभाव खरा उघड होतो तो नायकाला एक माप आणि इतरांना दुसरे माप लावले जाते तेथे. ते दुहेरी माप शोधण्याची रीत पुढे क्रमाने दिली आहे.

उदाहरण म्हणून बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस (१७४२–१८००) घेतले आहेत. त्यांच्याविषयीची कागदपत्रे विपुल आहेत, त्यांना मानणारे आणि दोष देणारे दोन्ही प्रकारचे लेखक आहेत, आणि त्यांच्या कारकिर्दीत काही प्रसंग असे आहेत की कोणत्याही चरित्रकाराला त्यांच्यापाशी आपली भूमिका उघड करावीच लागते. हीच रीत अहिल्याबाई, महादजी शिंदे किंवा लोकमान्य टिळक यांच्या चरित्रांनाही लावता येईल. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नये, कारण पहिले दोन टप्पे पुस्तक वाचून झाल्यावर केले तर त्यांचा उपयोग जवळजवळ संपतो.

## टप्पा १: पुस्तक उघडण्यापूर्वी स्वतःचा कालपट तयार करा

मराठ्यांचा एखादा सर्वसाधारण इतिहास किंवा मराठी विश्वकोशातील नोंद घ्या आणि एका पानावर मावेल एवढा कालपट करा. त्यात केवळ वर्ष, स्थळ आणि घटना असाव्यात. कारणे नकोत, गुणदोषही नकोत. नानांसाठी तो साधारण असा होईल:

- १७६१: पानिपत, नाना तेथे उपस्थित, आई तेथे हरवली.
- ३० ऑगस्ट १७७३: शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून.
- १७७४: बारभाईंचे (रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांचे) कारस्थान, पुरंदरावर नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव यांचा जन्म.
- १७७६: इंग्रजांशी पुरंदरचा तह.
- १७७८: मोरोबा फडणवीसांचा उठाव व त्यांची कैद.
- १७७९: वडगावला इंग्रज फौजेचा पराभव, त्याच वर्षी सखारामबापू बोकील कैदेत.
- १७८१: सखारामबापूंचा कैदेतच मृत्यू.
- १७८२: सालबाईचा तह.
- १७९१: घाशीराम कोतवालाचे प्रकरण.
- १७९२: महादजी पुण्यात, १७९४ मध्ये वानवडीला मृत्यू.
- १७९५: मार्चमध्ये निजामाविरुद्ध खर्ड्याची लढाई, ऑक्टोबरमध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू.
- १७९६: गादीचा वाद, नाना महाडला, डिसेंबरमध्ये दुसरे बाजीराव पेशवे.
- ३१ डिसेंबर १७९७: नानांना अटक, पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात कैद, १७९८ मध्ये सुटका.
- १३ मार्च १८००: मृत्यू.

नेहमीची चूक: हा कालपट त्याच चरित्राच्या परिशिष्टातून उतरवून घेणे. लेखकाने तेथे जे गाळले असेल ते तुमच्याही कालपटातून आपोआप गळते, आणि पुढची सगळी तपासणी त्याच्याच चौकटीत होते.

## टप्पा २: अवघड प्रश्न आधीच लिहून ठेवा

पुस्तक वाचून झाल्यावर आपल्याला तेच प्रश्न सुचतात ज्यांची उत्तरे पुस्तकाने दिलेली असतात. चांगला चरित्रकार आपल्या आवडीचे प्रश्न इतक्या सहजतेने पुढे करतो की उरलेले प्रश्न अस्तित्वात होते, हेही वाचक विसरतो. म्हणून कालपटावरून पाच ते सात प्रश्न आधी कागदावर उतरवावेत. नानांच्या बाबतीत मी पुढील प्रश्न धरतो.

बारभाईंपैकी जुने आणि वडीलधारे सहकारी सखारामबापू पुढे नानांच्याच अमलात कैदेत का गेले? मोरोबा हे नानांचे चुलतभाऊ. त्यांच्या उठावामागे केवळ महत्त्वाकांक्षा होती की नानांच्या कारभाराविषयी इतरांच्याही तक्रारी होत्या? पुण्याची कोतवाली घाशीरामकडे कोणी दिली, त्याच्यावर देखरेख कोणाची होती आणि १७९१ पूर्वी त्याच्याविरुद्धच्या तक्रारींचे काय झाले? सवाई माधवराव एकविसाव्या वर्षी वाड्यातून पडून मरण पावले. तोवर त्यांच्याकडे प्रत्यक्ष राज्यकारभार किती आला होता? १७९६ मध्ये काही महिन्यांतच नानांनी गादीच्या वारसाबाबत भूमिका किती वेळा आणि का बदलली? उत्तरेत महादजींनी मिळवलेल्या यशाकडे पुण्याने मदतीच्या नजरेने पाहिले की संशयाच्या?

तपासणी: तुमचे सगळे प्रश्न नायकाविरुद्ध जात असतील तर यादी पुन्हा पाहा. नायकाला अन्याय्य दोष दिला गेला असण्याची शक्यता दाखवणारा किमान एक प्रश्न हवा. नानांविषयीची अनेकांची समजूत रंगभूमीवरून आणि ललित वाङ्मयातून आली आहे. त्या प्रतिमेतले किती समकालीन कागदांत सापडते, हाही प्रश्न यादीत असायला हवा.

## टप्पा ३: पुस्तकाची बाहेरून पाहणी

आता पुस्तक हातात घ्या, परंतु पहिले प्रकरण वाचू नका. प्रथम प्रकाशनाचे वर्ष पाहा, मग प्रस्तावना, ऋणनिर्देश, संदर्भसूची आणि शेवटची नामसूची. चरित्र कोणाच्या विनंतीवरून किंवा आर्थिक साहाय्याने लिहिले गेले, नायकाच्या वंशजांनी कागद पुरवले का, ते प्रकाशन जयंतीनिमित्त झाले का, हे ऋणनिर्देशात बहुधा सरळ लिहिलेले असते. वंशजांचे साहाय्य हा दोष नव्हे. त्यांच्या घरातले कागद नसते तर मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा भाग अंधारात राहिला असता. पण ज्यांनी दप्तर उघडले त्यांना दुखवणारी पत्रे छापताना लेखकाचा हात अडखळला असेल का, हे पुढे पाहायचे आहे, एवढी नोंद करून ठेवावी.

प्रकाशनवर्षाचे महत्त्व बहुतेक वाचकांच्या लक्षात येत नाही. रियासतकार सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत बाहेर आले, आणि पुण्याच्या इंग्रज रेसिडेन्सीचा पत्रव्यवहारही त्यानंतरच मोठ्या प्रमाणावर छापला गेला. १९०० च्या आसपास लिहिणाऱ्याने यातील कागद वापरले नाहीत, म्हणून त्याच्यावर लपवाछपवीचा आरोप करणे अन्यायाचे आहे. जे उपलब्धच नव्हते ते न सांगणे आणि हाताशी असलेले न सांगणे यांत फार अंतर आहे. १९६० नंतरच्या चरित्रात मात्र हे साहित्य दुर्लक्षिलेले असेल तर कारण विचारण्याचा हक्क वाचकाला आहे.

नामसूचीत घाशीराम, मोरोबा, सखारामबापू आणि महादजी ही चार नावे शोधा आणि प्रत्येकापुढे किती पाने नोंदली आहेत ते टिपून ठेवा. सूचीच नसेल तर अनुक्रमणिकेवरून अंदाज घ्या. याला पंधरा मिनिटांहून जास्त वेळ देऊ नये.

## टप्पा ४: पहिले वाचन, केवळ पानांच्या वाटणीसाठी

पहिल्या वाचनात वाद घालू नका. कालपटातील प्रत्येक नोंदीपुढे लेखकाने तिला किती पाने दिली तेवढेच लिहीत चला. एखाद्या चरित्रात बारभाई, वडगाव आणि खर्डा यांना प्रत्येकी एक प्रकरण असेल, आणि खर्ड्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी झालेला पेशव्याचा मृत्यू व त्यापुढील दोन वर्षांची धुमश्चक्री एका छोट्या प्रकरणात उरकलेली असेल, तर ही वाटणी पुरेशी बोलकी आहे.

सावधगिरी: कमी पाने म्हणजे भक्तिभाव, असा निष्कर्ष येथे काढू नये. त्या काळातले कागद खरोखरच कमी असू शकतात किंवा लेखकाचा विषय मर्यादित असू शकतो. येथे केवळ खूण करायची असते. निर्णय आठव्या टप्प्यात घ्यायचा आहे.

## टप्पा ५: एकच कृती, दोन माणसे

हा या तपासणीचा गाभा आहे आणि त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. नायकाने आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याने केलेली एकाच जातीची कृत्ये जोडीने मांडा, आणि लेखकाने त्यांचे वर्णन कोणत्या शब्दांत केले आहे ते समोरासमोर उतरवून घ्या.

पहिली जोडी परकीय मदतीची. नारायणरावांचे चुलते आणि गादीचे दावेदार रघुनाथराव यांनी १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला. पुढे १७७७ मध्ये नानांनी पुण्यात फ्रेंच दूताला थारा दिला, तो इंग्रजांवर वचक बसवण्यासाठी. दोन्हींचा हेतू, अटी आणि परिणाम यांत मोठा फरक आहे आणि लेखकाने तो दाखवला तर ते योग्यच आहे. पण फरक दाखवायच्या ऐवजी एकाला ‘राज्यद्रोह’ आणि दुसऱ्याला ‘मुत्सद्देगिरी’ असे नुसते नाव देऊन तो पुढे गेला, तर तेथे पुराव्याचे काम शब्दावर सोपवलेले आहे.

दुसरी जोडी कैदेची. नानांच्या अमलात मोरोबा आणि सखारामबापू कैदेत गेले. १७९७ च्या अखेरीस महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांच्या बाजूने नानांना अटक झाली. पहिल्या प्रसंगी ‘राज्यहितासाठी असे करणे भाग पडले’ आणि दुसऱ्या प्रसंगी ‘विश्वासघात’ असे वर्णन असेल, तर थांबा आणि विचारा: पहिल्या कैद्यांची बाजू सांगणारे एक तरी वाक्य आहे का? बापूंचे वय, त्यांची जुनी सेवा आणि कैदेतला मृत्यू लेखकाने सांगितला आहे का? बापूंचे इंग्रजांशी व रघुनाथरावांशी संधान असल्याचा आरोप होता, हेही प्रामाणिक लेखक सांगेल, आणि त्या आरोपाचा पुरावा कितपत पक्का आहे तेही सांगेल.

या टप्प्यावर क्रियापदांकडे पाहावे. नायकाच्या यशाच्या ठिकाणी ‘नानांनी ठरवले’, ‘नानांनी घडवून आणले’ अशी कर्तरी रचना, आणि अपयशाच्या किंवा कठोरपणाच्या ठिकाणी ‘घडून आले’, ‘करावे लागले’, ‘परिस्थितीच तशी होती’, हा पालट पुस्तकभर एकाच दिशेने होत असेल तर तो योगायोग नसतो. तसेच, नायकाला सर्वत्र आदरार्थी बहुवचन आणि त्याच्या विरोधकांना एकेरी उल्लेख, किंवा ‘रघुनाथराव’ न म्हणता प्रत्येक वेळी ‘राघोबा’, ही मराठी चरित्रांतली फार जुनी सवय आहे. जुन्या पुस्तकांत ती कालमानाची रूढी म्हणून सोडून देता येते. अलीकडच्या पुस्तकांत तिची नोंद घ्यावी.

उदाहरण करून पाहा. घाशीरामाचे प्रकरण घ्या. त्याने काही तेलंगी ब्राह्मणांना अडचणीच्या जागेत कोंडले, त्यांतले अनेक जण गुदमरून मेले, शहरात क्षोभ उसळला आणि अखेर घाशीरामाला लोकांच्या हाती देण्यात आले. जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. हा प्रसंग तीन प्रकारे लिहिला जातो. काही चरित्रांत तो नसतोच. काहींत ‘नानांना कळताच त्यांनी न्याय केला’ एवढेच असते आणि नेमणुकीचा व देखरेखीचा प्रश्न निघत नाही. तिसऱ्या प्रकारात लेखक नानांवरील जबाबदारी मान्य करतो, शहराच्या बंदोबस्तासाठी कोतवाली कठोर का ठेवली होती ते सांगतो, आणि आधीच्या तक्रारींचा मागोवा घेतो. तिसऱ्या प्रकारचा लेखक शेवटी नानांना दोषमुक्त ठरवत असला, तरी तो भक्त ठरत नाही. वाचकाला वेगळ्या निष्कर्षावर जाता येईल इतके साहित्य त्याने दिलेले असते, आणि माझ्या मते चरित्रकाराच्या सचोटीची यापेक्षा चांगली खूण नाही.

## टप्पा ६: श्रेयाची वाटणी

प्रत्येक मोठ्या यशापुढे इतर सहभागींची नावे लिहा. वडगावला इंग्रज फौज कोंडली गेली त्यात महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके होते. सालबाईचा तह महादजींच्या मध्यस्थीने झाला. खर्ड्याच्या मोहिमेचे सेनापतित्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. नाना स्वतः रणांगणावरचे सेनानी नव्हते, आणि ‘साडेतीन शहाणे’ या प्रसिद्ध मोजणीत त्यांना अर्धे शहाणे म्हणतात ते त्याच कारणाने, असे सांगितले जाते. म्हणून पैसा उभा करणे, सरदारांना एकत्र आणणे आणि बातमीदारांचे जाळे चालवणे हे त्यांचे खरे काम लेखकाने तपशिलाने दाखवले आहे का, की लढाईचे श्रेयच थेट त्यांच्या नावावर जमा केले आहे, ते पाहावे.

अपयशाचीही अशीच वाटणी तपासा. यश नानांचे आणि अपयश शिंद्यांचे, होळकरांचे किंवा ‘फितुरांचे’, असा हिशेब शेवटपर्यंत चालला असेल तर नोंद करा.

## टप्पा ७: टीपा उघडून पाहणे

सर्व टीपा तपासणे अशक्य असते आणि गरजेचेही नसते. पाचव्या टप्प्यातून निघालेल्या तीन-चार वादग्रस्त विधानांच्याच टीपा घ्या आणि पुढील क्रमाने तपासा.

पहिली गोष्ट, आधार समकालीन पत्राचा आहे की बखरीचा. बखर बहुधा घटनेनंतर, कित्येकदा दशकांनी, कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली असते. तिच्यातले संवाद शब्दशः खरे मानता येत नाहीत. ‘नानांनी तत्काळ उत्तर दिले की…’ असे अवतरण आले आणि टीपेत बखर निघाली, तर ते दृश्य आहे, पुरावा नव्हे.

दुसरी, पत्राची तारीख. पेशवाईतील पत्रांवर पुष्कळदा ‘छ’ अक्षरापुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र (तारीख) एवढेच असते आणि वर्ष संपादकाने अंदाजाने घातलेले असते. शुहूर सन (पेशवाईच्या कागदांत वापरली जाणारी कालगणना) दिला असेल तर तो जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या सुमारास बदलतो हे लक्षात ठेवावे: तेथून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतो. पानिपतची लढाई जानेवारी १७६१ मधील. तिचा शुहूर सन ११६१. नायकाला सोयीचे पत्र नेमक्या सोयीच्या वर्षी बसवलेले असेल तर मूळ संग्रहात संपादकाने ते वर्ष कंसात दिले आहे का ते पाहावे.

तिसरी, अवतरण कोठे तोडले आहे. नाना गेल्यावर मराठी राज्यातले शहाणपण आणि संयम संपला, अशा आशयाचे इंग्रज रेसिडेंट पामर याचे मत जवळजवळ प्रत्येक चरित्राच्या शेवटी येते. ते खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे. पण हा वकील कोणाचा, तो कोणाला लिहीत होता आणि स्थिर कारभारी पुण्यात असणे कंपनीला का सोयीचे वाटत होते, हे सांगणारे एक वाक्य शेजारी हवे. शत्रूने केलेली स्तुती बिनशर्त प्रमाणपत्र म्हणून वापरणे आणि त्याच दप्तरातली प्रतिकूल टीका ‘परकीयांचा पूर्वग्रह’ म्हणून फेटाळणे, या दोन गोष्टी एकाच पुस्तकात सापडल्या तर दुहेरी मापाचा याहून स्वच्छ नमुना मिळणे कठीण.

तपासणी: नानांनी बालपणापासून पानिपतपर्यंतची हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे आणि तिच्यात आपल्या तरुणपणातील विषयवासनेची व मनाच्या दुबळेपणाची कबुली मोकळेपणाने दिली आहे. चरित्रकार त्या लेखातून केवळ पानिपतचे हाल आणि आईचा वियोग उचलतो की ही कबुलीही उचलतो, ते पाहा. नायक स्वतःविषयी जे सांगायला कचरला नाही ते लेखक गाळत असेल, तर तो नायकाचे चरित्र सोडून स्वतःच्या मनातली मूर्ती लिहितो आहे.

## टप्पा ८: मौनाचा अर्थ लावणे

आता दुसऱ्या टप्प्यातील यादी पुन्हा समोर घ्या. प्रत्येक प्रश्नापुढे चारांपैकी एक शेरा द्या: उत्तर पुराव्यासह दिले, उत्तर दिले पण पुरावा नाही, प्रश्न मांडला आणि अनिर्णित ठेवला, प्रश्नच आला नाही. अनिर्णित ठेवणे ही दुर्बलता मानू नये. सवाई माधवरावांचा मृत्यू अपघात की आत्मघात यावर मतभेद आहेत, आणि दोन्ही बाजूंचे कागद देऊन थांबणारा लेखक वाचकाचा मान राखतो. जो लेखक एका ओळीत ‘तापाच्या भ्रमात तोल गेला’ असे लिहून नानांच्या पालकत्वाविषयी बोलतच नाही, त्याचा शेरा वेगळा.

प्रश्नच न आलेल्या जागी तिसऱ्या टप्प्यातील नोंदीकडे परत जा: हे साहित्य लेखकाच्या काळी उपलब्ध होते का? उपलब्ध होते, लेखकाच्या संदर्भसूचीतही ते आहे, आणि तरीही प्रश्न नाही, अशी तिन्ही उत्तरे आल्याशिवाय ‘जाणूनबुजून गाळले’ असे म्हणू नये.

नेहमीची चूक: या टप्प्यावर वैतागून वाचक नायकावर टीका करणारे दुसरे पुस्तक आणतात आणि तेच खरे धरतात. महादजींचा कैवार घेऊन लिहिलेल्या पुस्तकात नाना कपटी दिसणारच. टीकाकारालाही हेच आठ टप्पे लावावे लागतात. दोन पक्षपाती साक्षी बेरजेने निःपक्षपाती होत नाहीत.

## टप्पा ९: निष्कर्ष भागाभागांनी लिहा

‘हे चरित्र भक्तिभावाचे आहे’ हा एका ओळीचा निकाल उपयोगाचा नाही, कारण त्यानंतर त्या पुस्तकाचे काय करायचे ते कळत नाही. एकाच पुस्तकात इंग्रजांशी झालेल्या वाटाघाटींचा भाग उत्तम आणि घरगुती राजकारणाचा भाग एकतर्फी असू शकतो. म्हणून विषयवार लिहावे. नमुन्यादाखल:

> परराष्ट्र व्यवहार १७७४–१७८२: मूळ पत्रांवर आधारलेला, अवतरणे पूर्ण, वापरण्यास योग्य.
> मोरोबा व सखारामबापू: आरोप दिले, बचाव नाही, दुसऱ्या आधाराशिवाय वापरू नये.
> घाशीराम प्रकरण: नेमणुकीचा प्रश्न टाळला.
> १७९५–१७९८: पाने कमी, बखरीवर भिस्त, कालक्रमापुरतेच वापरावे.
> समारोप: नानांनंतर राज्य खचले याचे श्रेय त्यांच्या थोरवीला दिले आहे, एका माणसावर कारभार एवढा विसंबून का राहिला, हा प्रश्न विचारलेला नाही.

शेवटच्या ओळीतील प्रकार जवळजवळ सर्व गौरवपर चरित्रांत आढळतो, म्हणून तो वेगळा तपासावा. १८०० मध्ये नाना गेले आणि १८०२ च्या अखेरीस वसईचा तह होऊन पेशवा इंग्रजांच्या छायेत गेला, या दोन तारखा शेजारी ठेवल्या की नानांची थोरवी आपोआप सिद्ध झाल्यासारखी वाटते. पंचवीस वर्षे सूत्रे हाती असलेल्या कारभाऱ्याने आपल्यामागे चालू शकेल अशी व्यवस्था किंवा तयार झालेला पेशवा का मागे ठेवला नाही, हाही अर्थ त्याच तारखांतून निघतो. लेखकाने दोन्ही अर्थ विचारात घेऊन पहिला निवडला असेल तर ते त्याचे मत. दुसरा त्याला दिसलाच नसेल तर शेऱ्यात तसे लिहा.

हा कागद त्याच पुस्तकाच्या आतल्या पानाला चिकटवून ठेवावा आणि नवे साधन प्रसिद्ध झाले, किंवा त्याच प्रसंगावरचे दुसरे चरित्र हाती आले, की त्या त्या ओळीपुढे तारीख घालून दुरुस्ती करावी. जुनी ओळ खोडू नये.